‘हा’वरून एक गाणं

कराओकेच्या पॅनेलवर ‘हा’ अक्षर दाबून मिनेयो गाण्यांची नावं एकेक करून मोठ्यानं वाचत होती, आणि दर गुरुवारी ज्या जागी तिचं बोट एक नाव गुपचूप गाळून पुढं सटकायचं, नेमकं त्याच जागी शिगेमित्सुनं तिचं मनगट धरलं. डाव्या हातानं. उजवा हात पक्षाघात झाल्यापासून मांडीवर नुसता पडलेला असतो, आणि तो उचलून बाजूला ठेवायचं कामही तिचंच. पण डाव्या हातात जुना माणूस सगळाच्या सगळा शिल्लक होता. नट-बोल्टच्या कारखान्यात जन्म काढलेल्या हाताची ती पकड तिच्या चांगल्या ओळखीची होती. “छे,” तो म्हणाला. म्हणजे याला माहीत होतं. ती वाचते, तो ऐकतो, ती एक नाव गाळते आणि तो मुकाट मान हलवत राहतो, हे सगळं तो जाणूनबुजून चालू देत होता. लबाडी पकडली गेली म्हणून तिला लाज वाटायला हवी होती. लाज वाटली नाही, राग आला. इतके गुरुवार हा माणूस आपली लबाडी बघत बसला, आणि आज त्याला वाटलं म्हणून त्यानं हात धरला. केव्हा धरायचा तेही यानंच ठरवायचं. मनगट सोडवायचा तिनं प्रयत्न केला नाही. सोडवायला गेलो आणि सुटलं नाही तर काय, ही भीती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तिच्या अंगात होती.

‘हा’वरून गाणी काय थोडी आहेत? हाना, हाहा, हारु, म्हणजे फूल, आई, वसंत. बंदराचा धक्का, पूल, अनवाणी पाय. रडायला आणि रडवायला जे जे लागतं ते सगळं मेलं ‘हा’वरूनच सुरू होतं. या गर्दीतून एक गाणं गाळायचं म्हणजे अवघड काहीच नाही. ‘हाचिगात्सु’ म्हणजे ऑगस्टची गाणी संपली की ‘हात्सुकोई’ म्हणजे पहिल्या प्रेमाची सुरू होतात; मधल्या अरुंद जागेत ‘हाक्का नो माची’ बसलेलं असतं, पुदिन्याचं गाव. ऑगस्टवरून ती थेट पहिल्या प्रेमावर उडी मारायची, आवाजात जराही फरक न करता. वाचून झालं की म्हणायची, “नाही सापडत हो तुमचं. जुनं असेल, काढून टाकलं असेल यांनी.” मग तो पुन्हा म्हणायचा, “हा.” त्याच्याजवळ आता एवढंच उरलं होतं, ‘हा’ आणि ‘छे’. दुखणं आलं ते हत्तीच्या पावलानं, आणि जाताना मुंगीचीही पावलं टाकेना. शब्द सगळे गेले. भात, पाणी, मुलीचं नाव, कारखान्याचं नाव, काही नाही. ‘छे’ तेवढा राहिला, आणि त्याचं मिनेयोला नवल वाटलं नाही. सूप खारट झालं की छे, तिनं पडदे बदलले की छे, मुलीसाठी स्थळ सुचवलं की छे. आयुष्यभर जो शब्द सर्वांत जास्त वापरला तोच शेवटी हाताशी राहणार. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तो हा.

इस्पितळातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी तिला समजावलं होतं की बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची उघडी राहते कधी कधी. पहिला आवाज द्या, सूर द्या, शब्द आपोआप सुटत येतील. “पहिल्या अक्षरावरून गाणी शोधून द्या, त्यांना निवडू द्या. स्वतः निवडलं की माणूस लवकर सुधारतो.” मिनेयोनं मान डोलावली होती. बाई चांगल्या होत्या, पण हीच गोष्ट तिला आठवडाभर आधी दुसऱ्याच एका बाईनं सांगितली होती, आणि म्हणून ती तिला विषासारखी लागली. सेत्सुयो. बाजारपेठेच्या मागल्या गल्लीत जिचा बार होता, आणि ज्या बारची मागची खिडकी मिनेयोच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उघडायची, ती सेत्सुयो. बार कधीच बंद करून ती मुलाकडे राहायला गेली होती, तरी कुठून तरी कानावर गेलं म्हणून खरबूज घेऊन आली. केस पिकलेले, आवाज तोच, सिगारेटीनं भाजलेला. “वहिनी, शेठना गायला द्या,” ती म्हणाली. “बोलता नाही आलं तरी गातील बघा. त्यांचं सगळं गाण्यातच होतं.” सगळं गाण्यातच होतं! म्हणजे घरात काही नव्हतं हे ही बाई मला माझ्याच नवऱ्याच्या खाटेशी उभी राहून सांगते. मिनेयो म्हणाली, “खरबूज कशाला आणलंत, त्यांना गिळता येत नाही.” आणि सेत्सुयो हसून म्हणाली, “मग तुम्ही खा की वहिनी.” ते खरबूज मिनेयोनं नर्सांच्या टेबलावर ठेवून दिलं. त्या दोघांचं काही होतं की नव्हतं हे तिनं नवऱ्याला कधी विचारलं नाही. असतं तर एका परीनं बरं झालं असतं. रागाला धरायला काही तरी दांडा मिळाला असता. पण होतं ते फक्त गाणं. संध्याकाळी ती मुळा किसत असायची आणि समोरच्या खिडकीतून तो गायचा, आणि घरात जो माणूस तिला नावानं न बोलावता नुसतं “ए” म्हणायचा, तो तिथं पुदिन्याच्या गावातल्या कुणा बाईला म्हणायचा की बर्फ वितळलं की परत येईन. सेत्सुयो उत्तर द्यायची की दार लोटून ठेवलंय, कडी नाही लावली. मुळा किसता किसता मिनेयोला सगळं गाणं पाठ झालं, दोघांच्याही ओळी.

तेव्हा गाणी म्हणायला न्यायचं ठरलं आणि गुरुवार ठरला. कराओकेच्या दुकानात दुपारी म्हाताऱ्यांना गायच्या खोल्या स्वस्त मिळतात, चहा-सरबत हवं तेवढं प्या. काउंटरवर ओकुनोबाई असतात. जिभेला हाड नसलेली बाई, याच शहरात, आमागासाकीत जन्मलेली आणि त्याचा अभिमान बाळगणारी. “आलं का जोडपं!” ही दोघं दारात असतानाच ती ओरडते. “आजपण मधुचंद्र? शेठ, बायकोला जरा श्वास घेऊ द्या हो. आमचे हे मला कधी चहाला नेत नाहीत आणि तुम्ही दर गुरुवारी बंद खोलीत!” शिगेमित्सु तिच्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसतो. काउंटरवरच्या बाईसाठी त्याचं अर्धं तोंड अजून हसतं. “चला हो, पाय उचला,” मिनेयो म्हणते आणि त्याच्या डाव्या बाजूला खांदा देते. खोलीत तळलेल्या बटाट्यांचा आणि जंतुनाशकाचा वास असतो. टेबलावर टोपलीत दोन माइक असतात, दोघांवर कागदी टोप्या. ती एकाचीच टोपी काढते. दुसरा माइक या सगळ्या गुरुवारांत टोपी घालूनच बसलेला आहे.

पहिल्या गुरुवारी तो खरोखरच गायला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. चहा मागता न येणारा माणूस, सूर लागल्याबरोबर त्याच्या तोंडातून वाक्यंच्या वाक्यं, स्वच्छ, क्रियापदासकट बाहेर पडली. तिला रडूही आलं, खोटं कशाला बोला. आणि रडता रडता तिच्या मनात एक विचार आला, तो तिनं हाकलला नाही. या माणसाच्या तोंडात मी हवं ते घालू शकते. पॅनेल माझ्या हातात आहे. दुसऱ्या गुरुवारपासून ती गाणी निवडून त्याला देऊ लागली. नवराबायकोची गाणी, कारागिराच्या बायकोची गाणी, अशी गाणी जी लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या बायकांना कधी म्हणून दाखवली असतील असं तिला वाटत नाही. ‘तुझ्या खरखरीत हातांना मी कधी हात लावला नाही.’ गा. ‘गरिबीत साथ दिलीस, तुझे उपकार मानायचे राहून गेले.’ गा. तो गायचा. सूर सुरू झाला की त्याला थांबता यायचं नाही, हे तिनं हेरलं होतं. तोंड आपोआप उघडायचं आणि तो तिचे उपकार मानायचा, डोळ्यांनी मात्र भिंतीकडे बघत. बोल्टवरचं तेल पुसून पुसून बोटांच्या चिरा काळ्या पडलेल्या हातात ती गार झालेला चहा धरायची आणि ऐकायची. आधी गोड वाटलं. मग दोनतीन गुरुवारांनी ते शिळं लागायला लागलं, कारण आपणच वाढलेलं आपणच खातोय हे तिला कळत होतं. तरी तिनं सोडलं नाही. खरं कधी मिळणार नव्हतंच. मग खोटं का सोडा? आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी, उपकार मानून झाले की तो माइक खाली ठेवायचा, तिच्याकडे वळायचा आणि म्हणायचा, “हा.” जणू म्हणायचा की तुझं झालं ना, आता माझं दे.

देणार नव्हती ती. दुसरं हवं ते माग. त्या गाण्यावर तिचा राग बारच्या खिडकीपुरता नव्हता. राग बसमधला होता. कारखानदारांच्या मंडळाची वर्षातून एकदा गरम झऱ्यांना सहल जायची, बायकामुलांसकट. बस शहराबाहेर पडली की बियरचे डबे फुटायचे, वाळवलेले माकूळ मासे फिरायचे आणि मागून पुढे, पुढून मागे तो जाडजूड गाण्यांचा ग्रंथ हातोहात फिरायचा. अक्षर काढा, नाव शोधा, गाण्याचा आकडा पुढं ओरडा, की बसमधल्या यंत्रावर गाणं लागायचं. मिनेयो तेव्हा तिशीत होती, मुलगी मांडीवर झोपलेली. तोपर्यंत कुठल्याच सहलीत तिनं तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी ग्रंथ तिच्यापाशी आला आणि तिनं ‘हा’ काढलं. तिला वाटलं, नवऱ्याचं गाणं म्हणजे आपलंही. दोघांचं गाणं आहे, त्यातल्या पुरुषाच्या ओळी तो म्हणेल, बाईच्या मी म्हणेन, मला पाठ आहेत हे कळून तो थक्क होईल. किती मूर्ख! ज्याचं गाणं त्याचं, दुसऱ्यानं त्याच्यासमोर ते गाऊ नये, ही साधी रीत पोरांनाही कळते. एखाद्याच्या ताटातला घास उचलावा तसं ते होतं. पण बायकोला ती रीत लागू असेल असं तिच्या डोक्यातच आलं नाही. सूर सुरू झाले, बसमध्ये कुणीतरी “ओहो!” म्हणालं, पुरुषाच्या निळ्या ओळी पडद्यावरून नुसत्याच गेल्या, कारण तो पुढच्या सीटवर पाठ करून बसला होता. मग बाईची गुलाबी ओळ आली आणि मिनेयो गायली. एक ओळ पुरी, दुसरी अर्धी. तेवढ्यात तो हलत्या बसमध्ये सीटांचे दांडे धरत मागं आला, तिच्या हातातून माइक काढून घेतला आणि म्हणाला, “छे! हे तुझं नाही.” आणि तो माइक त्यानं सेत्सुयोला दिला. सेत्सुयो सहलीला असायची, बर्फ आणि ग्लासं तिच्याकडून यायची म्हणून. तिनं “अहो, राहू दे की शेठ, वहिनी छान म्हणतायत” असं म्हटलं, माइक घेता घेताच म्हटलं, आणि ओळ जिथं तुटली होती तिथून उचलून गाऊ लागली. मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, “मालक, घरवालीला घरीच गाऊ द्या, भांडी घासताना!” सगळी बस हसली. आणि मिनेयोही हसली. मुलगी उठू नये म्हणून हळू, पण हसली, हात तोंडावर धरून. त्याला तिनं कदाचित माफ केलं असतं. त्या हसण्याला तिनं कधी माफ केलं नाही.

आणि आता तो तिचं मनगट धरून बसला होता. शेजारच्या खोलीत कुणीतरी घसा फाटेपर्यंत गात बंदराच्या धक्क्यावर उभं होतं. “सोडा,” ती म्हणाली. “छे.” “दुखतंय मला, सोडा म्हणते ना!” “हा,” तो म्हणाला, आणि पकड घट्ट करून तिचं बोट त्यानं पॅनेलवर मागं ढकललं, पहिल्या प्रेमावरून एक घर वर. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. वाकड्या ओठाच्या कोपऱ्यात ओल होती, ती पुसायचं काम तिचं. डोळ्यांत विनवणी असती तर तिनं कदाचित कधीच दिलं नसतं. विनवणी नव्हती. हुकूम होता. कारखान्यात उभा राहून “ए” म्हणणारा माणूस तिथं जिवंत बसला होता, आणि मिनेयोला विचित्र वाटलं ते हे की त्याला तसा बघून तिला हायसं झालं. दुबळ्या माणसाशी वैर धरता धरता ती थकली होती. वैर धरायला समोर कुणीतरी हवं. “घ्या,” ती म्हणाली. “म्हणा तुमचं गाणं. बर्फ वितळलं की या परत.” आणि तिनं दाबलं.

सूर सुरू झाले. बासरीचा तो सुरुवातीचा तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीतून यायचा तेव्हा तिच्या हाताला मुळ्याचं पाणी लागलेलं असायचं, आणि आता बंद खोलीत तिच्या बोटांना तोच गारवा जाणवला. शिगेमित्सुनं माइक उचलला. इतके दिवस त्यानं गायलेल्या गाण्यांत हा माणूस नव्हताच, हे पहिल्या ओळीतच तिला कळलं. उपकार मानताना त्याचा आवाज भिंतीपाशी जाऊन पडायचा. हा आवाज कुणाला तरी शोधत निघाला होता. निळी ओळ, मग आणखी एक. बर्फ वितळेल तेव्हा परत येईन, वाट बघ म्हणणार नाही, पण बघ. एक अक्षर चुकलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचा हात उठला नाही. मग पडद्यावर गुलाबी अक्षरं आली. तो थांबला. माइक किंचित खाली करून तो दाराकडे बघू लागला. दाराच्या काचेत कॉरिडॉरचा पिवळा उजेड होता, दुसरं काही नव्हतं. गुलाबी ओळ कुणाच्याही आवाजाशिवाय रंग बदलत बदलत संपत चालली. तो तिची, त्या दुसरीची जागा रिकामी ठेवत होता. त्या खोलीत एक बाई बसलेली होती, तिला ओळी पाठ होत्या, पण ती जागा रिकामीच राहायला हवी होती. शिव्या, मार, उपाशी राहणं यांतलं काही तिला इतकं लागलं नसतं.

मिनेयोनं टोपलीतल्या दुसऱ्या माइकची कागदी टोपी काढून फेकली आणि गुलाबी ओळीचा उरलेला अर्धा भाग गायली. बसमध्ये तुटली होती जवळजवळ तिथूनच. तिचा आवाज आधी फाटला, मग सुरात बसला. दार मी लोटून ठेवलंय. त्यानं झटकन मान वळवली. “छे!” ती गात राहिली. “छे! छे!” डावा हात पुढं आला, माइक घ्यायला, अगदी तसाच, बोटं तशीच वाकवलेली. तिचा हात सवयीनं सैल पडायला लागला, माइक द्यायलाच निघाला. चाळीस वर्षांची सवय ती. आणि मग ती उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि त्याच्या उजव्या बाजूला बसली. मेलेल्या हाताच्या बाजूला. इस्पितळातून आणल्यापासून ती या बाजूला कधी बसली नव्हती. इथं तो तिच्यापर्यंत पोचू शकत नव्हता. तो कमरेतून वळायला गेला, अंग वळलं नाही. मान तेवढी वळली आणि एक डोळा तिच्यावर रोखला गेला. त्यात जो द्वेष होता तो तिनं नीट बघून घेतला. माझ्यासाठी म्हणून याच्याकडे असलेली ही पहिली खरी गोष्ट, तिला वाटलं. निळ्या ओळी परत आल्या. त्यानं ओठ मिटून घेतले, माझ्याबरोबर गायचं नाही म्हणून. तर मिनेयो निळ्या ओळीही गायली. परत येईन म्हणणाराही मीच, वाट बघणारीही मीच. दुसऱ्याचं गाणं त्याच्यासमोर, त्याच्याच पट्टीत, दोन्ही रंगांत. त्याची “छे, छे” ओळींच्या मधल्या जागांत पडत होती, आणि हळूहळू ती तालावर पडायला लागली.

मग शेवटचं कडवं आलं, दोघांनी मिळून म्हणायचं, हिरव्या अक्षरांतलं. तिनं ते सुरू केलं आणि तिला दिसलं की त्याचे मिटलेले ओठ थरथरतायत. तो दात आवळून धरत होता. मानेची शीर फुगली होती. नाव गाळण्यात गेलेल्या इतक्या गुरुवारांत तिनं हेरलेली एकच गोष्ट आता त्याच्यावर उलटत होती: सूर आला की याला थांबता येत नाही. त्याचं तोंड उघडलं. आधी नुसता हुंकार, मग शब्द, एकामागून एक, स्वच्छ. पुदिन्याचा वास हाताला आहे, हात धुतले तरी आहे. तिच्याकडे त्या एका डोळ्यानं जळजळीत बघत, रागानं लाल होऊन तो तिच्याबरोबर गात होता. तिनं आवाज चढवला तसा त्यालाही चढवावा लागला. दोघांचे आवाज भांडत भांडत शेवटच्या लांब स्वरापर्यंत गेले, आणि तिथं आधी सोडायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून वाद्यं थांबल्यावरही तो स्वर खोलीत थोडा वेळ चालूच राहिला.

पडद्यावर गुण आले, टाळ्यांचा आवाज झाला. मिनेयोनं गुण पाहिले नाहीत. शिगेमित्सु धापा टाकत होता आणि माइक मांडीवर आपटत होता. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. तिनं उठून घेतला. “दहा मिनिटं उरली हो मिनेयोबाई,” ओकुनोबाई म्हणाल्या. “आणि काय हे, बाहेरपर्यंत ऐकू येतंय! भांडताय की गाताय?” दर गुरुवारी मिनेयो हे वाक्य पुरं व्हायच्या आत “उठतोच आहोत” म्हणून फोन ठेवायची. तिनं मागं वळून पाहिलं. तो कोचाच्या डाव्या टोकाकडे सरकायला बघत होता, तिच्यापासून लांब, आणि त्याचा डावा हात टेबलावरून पॅनेल ओढत होता. पॅनेल जवळ आलं. त्यानं बोटानं ‘हा’ दाबलं आणि मान वर करून तिच्याकडे बघितलं.

“वेळ वाढवा,” मिनेयो फोनमध्ये म्हणाली.

ती त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली, माइक हातात घट्ट धरून.